मोरचूद किती, चुना किती: व्हिडिओ असतानाही लिहिलेलं का लागतं

ऑक्टोबर छाटणी उरकली की तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ या सगळ्या पट्ट्यात माणसांचं लक्ष आभाळाकडं लागतं. पाऊस रेंगाळला, पानं ओली राहू लागली, की द्राक्षावर केवडा हा बुरशीचा रोग येतो. केवड्यासाठी बोर्डो मिश्रण हा जुना आणि पारखलेला उपाय. आता समजा, एखाद्या नव्या बागायतदाराला ते पहिल्यांदाच घरी करायचंय. टिपाडात पाणी भरलंय, ट्रॅक्टरवाला थांबलाय, आणि प्रश्न एवढाच की मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट) किती, चुना किती, आणि कशात काय ओतायचं. फोनवर शोधलं की समोर येतात ते बहुतेक व्हिडिओ. एक उघडावा तर तो चौदा मिनिटांचा. आधी नमस्कार, मग बागेची फेरी, मग गेल्या हंगामाची हकिकत, मग एका दुकानाची जाहिरात. प्रमाण येतं कुठंतरी नवव्या मिनिटाला, तेही मागं फवारणीचा ब्लोअर चालू असताना.

तीच माहिती लिहून कशी दिसते, ते बघा.

एक टक्का मिश्रणासाठी मोरचूद १ किलो, चांगला कळीचा चुना १ किलो आणि पाणी एकूण १०० लिटर. मोरचूद ५० लिटर पाण्यात विरघळवायचं. चुना वेगळ्या भांड्यात थोड्या पाण्यात विझवायचा, गाळायचा आणि त्याचंही ५० लिटर करायचं. भांडी प्लास्टिकची घ्यायची, लोखंडाची नाहीत. दोन्ही द्रावणं तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतायची आणि ओतताना ढवळत राहायचं. मग घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा किंवा विळ्याचं पातं थोडा वेळ त्यात बुडवून बघायचं. त्यावर तांबूस थर चढला तर तांबं अजून मोकळं आहे, म्हणजे चुन्याची आणखी निवळी घालायला हवी. मिश्रण केलं त्याच दिवशी संपवायचं. वेलीच्या अवस्थेप्रमाणं प्रमाण एक टक्क्यापेक्षा कमी ठेवावं लागतं, ते आपल्या भागातल्या जाणकाराला विचारून ठरवायचं.

शंभरेक शब्द आहेत. मिनिटाच्या आत वाचून होतात. अर्ध्यात अडलं तर ओल्या हातानं फोन वर धरून नेमकी तीच ओळ पुन्हा बघता येते. कुणाला पाठवायचं तर ओळी उचलून पाठवता येतात, आणि शेडच्या भिंतीवर खडूनं लिहूनही ठेवता येतात.

व्हिडिओंबद्दल माझ्या मनात अढी नाही, हे आधीच सांगते. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि ज्यांनी आयुष्यात एक पान लिहिलं नसतं असे अनुभवी शेतकरी, कारागीर, सुगरणी कॅमेऱ्यासमोर बोलू लागल्या. त्यांच्या डोक्यातलं कितीतरी ज्ञान त्यामुळं घराबाहेर पडलं. ही मोठीच गोष्ट झाली. पण त्याबरोबर एक समजही पसरला की व्हिडिओ केला म्हणजे काम झालं, आता लिहायची गरज काय. तो समज मला घातक वाटतो. ज्या माहितीकडं माणसाला पुन्हा पुन्हा यावं लागतं, ती लिहिलेलीच हवी. का, ते जरा आतून समजून घेऊ.

सुरुवात वेगापासून करू. इंग्रजी वाचणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासांत असं दिसलंय की सर्वसाधारण माणूस मनातल्या मनात मिनिटाला २४० च्या आसपास शब्द वाचतो. बोलण्याचा वेग त्या भाषेत मिनिटाला साधारण १५० शब्द. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळं शब्दांची मोजणी खाली येते, पण ती दोन्हीकडं येते. बोलण्यापेक्षा डोळा पुढं धावतो, हे काही बदलत नाही. शिवाय हे झालं ओळन् ओळ वाचण्याचं. प्रत्यक्षात आपण तसं वाचतच नाही. पानावरून नजर फिरवतो, आपल्याला माहीत असलेला भाग सोडतो, आकडा दिसला की थांबतो. दोन सेकंदांत कळतं की हे आपल्या कामाचं आहे की नाही. व्हिडिओत हा अंदाज घेता येत नाही. पुढं सरकवायचा म्हणजे अंधारात उडी मारायची. काय चुकलं हे कळायला पुन्हा मागं यावं लागतं. दीडपट वेगानं लावला तरी क्रम बोलणाऱ्याचाच राहतो.

वाचताना डोळे कसे हलतात यावर शास्त्रज्ञांनी भरपूर काम केलंय आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. डोळा ओळीवरून सरळ घसरत नाही. तो एका जागी साधारण पाव सेकंद टेकतो आणि पुढं उडी घेतो. पण या उड्यांपैकी दहा-पंधरा टक्के उड्या मागं जातात. वाक्य नीट लागलं नाही, एखादा शब्द निसटला, 'ते' म्हणजे नक्की काय हे कळलं नाही, की डोळा आपोआप मागं जाऊन बघून येतो. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणजे समजून घेण्याच्या कामात मागं जाणं हे मुळातच आहे. व्हिडिओत मागं जायचं तर फोन हातात घ्या, पडद्याला बोट लावा, ती बारीक पट्टी धरा, दहा सेकंद मागं या. एवढी खटपट करण्यापेक्षा माणूस 'असू दे, कळलं' म्हणून पुढं जातो. आणि अर्धवट कळलेलं तसंच राहतं.

याला स्मरणाची दुसरी बाजू आहे. आपण एका वेळी मनात फार थोड्या गोष्टी धरून ठेवू शकतो. जॉन स्वेलर या ऑस्ट्रेलियातल्या शिक्षणशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात मेंदूवर पडणाऱ्या या भाराचा सिद्धांत मांडला. त्याच धाग्यानं पुढं आलेली एक गोष्ट अशी की बोललेली माहिती आली आणि विरली असं होतं. तिसरं वाक्य ऐकताना पहिलं मनात धरून ठेवायची जबाबदारी ऐकणाऱ्यावर पडते. लिहिलेल्या मजकुरात ती जबाबदारी कागद किंवा पडदा घेतो. गोष्ट छोटी असेल तर फरक पडत नाही. पण एकावर एक बांधलेला लांब विचार असेल, उदाहरणार्थ कर्जाचं व्याज कसं मोजतात किंवा सातबाऱ्यावरची नोंद कशी फिरते, तर ऐकताना मधली एक पायरी निसटते आणि पुढचं सगळं हवेत राहतं.

आकड्यांच्या बाबतीत तर मी अजिबात तडजोड करायला तयार नाही. मराठीत 'सात' आणि 'साठ' यांच्यात केवढा फरक आहे, आणि ब्लोअरच्या आवाजात तो कितीसा ऐकू येतो? 'सहा' आणि 'दहा' तसेच. द्राक्षात जीए (जिबरेलिक ॲसिड) हे वाढीचं संजीवक वापरतात ते पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग असं मोजतात. १० पीपीएम म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम, म्हणजेच १०० लिटरला १ ग्रॅम. इतक्या बारीक मापात ऐकण्याची चूक परवडत नाही. घडांचं नुकसान झालं तर वर्ष गेलं, कारण बागेला पुढची संधी पुढच्या छाटणीलाच मिळते. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अवशेष सापडल्यामुळं युरोपात गेलेली भारतीय द्राक्षं अडकली होती. तेव्हापासून निर्यातीच्या बागायतदारांना नोंदीचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. कोणत्या तारखेला काय फवारलं, किती पाण्यात, काढणीला किती दिवस उरले होते, हे सगळं लेखी ठेवावं लागतं. माझ्या चुलत्यांकडं, तात्यांकडं, अशा वह्यांची चळत आहे. एखाद्या वर्षी भुरी हा रोग लवकर का आला हे बघायचं तर ते दोन वह्या शेजारी उघडून ठेवतात आणि तारखा ताडून बघतात. दोन व्हिडिओ असे शेजारी ठेवून ताडता येत नाहीत.

शोधण्याचंही असंच. लिहिलेल्या पानात एखादा शब्द टाकला की तो जिथं जिथं आलाय तिथं नेऊन ठेवणारी सोय प्रत्येक ब्राउझरमध्ये असते. शोधयंत्रं मजकुराचा शब्दन् शब्द वाचून ठेवतात. व्हिडिओच्या आत त्यांना तसं शिरता येत नाही. ती मुख्यतः शीर्षकावर, खालच्या वर्णनावर आणि यंत्रानं उतरवलेल्या शब्दांवर चालतात. आता मिरज तालुक्यातला एक माणूस आपल्या बोलीत, मध्येच औषधाची इंग्रजी नावं घेत, वाऱ्यात उभा राहून बोलतोय. यंत्रानं ते बरोबर उतरवावं ही अपेक्षाच अवघड. त्या माणसानं बाराव्या मिनिटाला सांगितलेली मोलाची गोष्ट, ज्याला ती हवीय त्याच्यापर्यंत पोचतच नाही. ज्ञान आहे, सगळ्यांसाठी खुलं आहे, आणि तरी सापडत नाही. मला याची फार हळहळ वाटते.

मग एवढे लांब व्हिडिओ करतातच का? यात बोलणाऱ्याचा दोष थोडा आणि हिशोबाचा जास्त आहे. यूट्यूबवर व्हिडिओच्या मध्ये जाहिरात घालता यावी यासाठी तो ठरावीक लांबीचा असावा लागतो. पूर्वी ही मर्यादा १० मिनिटांची होती, जुलै २०२० पासून ती ८ मिनिटांवर आली. दोन मिनिटांत सांगून होणारी गोष्ट आठ मिनिटांवर का जाते, त्याचं बरंचसं उत्तर इथं आहे. शिवाय उत्तर आधीच सांगून टाकलं तर बघणारा निघून जातो, म्हणून ते शेवटाकडं ढकललं जातं. लिहिणाऱ्यांमध्येही पाल्हाळ लावणारे आहेत, जाहिरातींनी बरबटलेली पानंही आहेत. फरक एवढाच की पाल्हाळ डोळ्यांना दिसतं आणि ते ओलांडून जाता येतं.

आता वजनाकडं येऊ. संगणकात मजकूर साठवायच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. दहा मिनिटांत माणूस हजार-बाराशे शब्द बोलतो असं धरलं तर काना-मात्रांसकट तो सगळा मजकूर २५ किलोबाइटच्या आसपास बसतो. तेच दहा मिनिटांचं बोलणं मध्यम प्रतीच्या व्हिडिओत, सेकंदाला एक मेगाबिट धरून, ७५ मेगाबाइट होतं. तीन हजार पट. शहरात बसून हे जाणवत नाही. जतच्या पूर्वेला, आटपाडीच्या माळावर, शिराळ्यातून चांदोलीकडं जाताना, किंवा पाटणच्या वर कोयनेच्या खोऱ्यात जाऊन बघा. तिथं पान उघडतं, व्हिडिओ गोल फिरत राहतो.

आणि पुराच्या दिवसांत सांगली शहरच तसं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. १९२९ साली बांधून झालेला हा पूल म्हणजे आम्हा सांगलीकरांची मोजपट्टी. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. पाणी वाढू लागलं की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर या भागातल्या माणसाला एकच आकडा हवा असतो: आता किती फूट, आणि कोयनेतून किती सोडलंय. वीज गेलेली, फोनमध्ये चार्जिंग थोडं, नेटवर्क तुटक. अशा वेळी कुणीतरी पुलावर उभं राहून काढलेला तीन मिनिटांचा व्हिडिओ येतो. त्यात पाणी दिसतं, गर्दी दिसते, काळजीचा आवाज ऐकू येतो. पण तो आजचा आहे की काल संध्याकाळचा? २०१९ चा की २०२१ चा? पाण्यावर तारीख लिहिलेली नसते. जुने व्हिडिओ दर पावसाळ्यात नव्यानं फिरतात आणि माणसं सामान माळ्यावर चढवायला लागतात.

याउलट साधा एसएमएस बघा. त्यात १४० बाइट मावतात, म्हणजे ११२० बिट. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरी चिन्हाला तिथं १६ बिट लागतात, म्हणून ७० चिन्हं. फारच कमी वाटतात, नाही का? पण असा एक निरोप लिहून मोजा: 'आयर्विन पूल ४३ फूट, सायं. ६ वा. कोयनेतून विसर्ग वाढला.' मधल्या मोकळ्या जागा धरून ५४ चिन्हं होतात. जागा, पातळी, वेळ, कारण, सगळं आलं, आणि तरी एका एसएमएसमध्ये जागा उरली. इंटरनेट नसलेल्या साध्या फोनवर तो पोचतो. चार तासांनी वाचला तरी चार तासांपूर्वीचा आहे हे कळतं. त्याखाली दुसरा आला की पाणी किती वेगानं चढतंय हेही कळतं. पुरात जीव वाचवणारी माहिती अशी असते.

माहिती कुणापर्यंत पोचत नाही, हाही विचार करायला हवा. मिरज हे दवाखान्यांचं गाव. इथं अथणी, चिकोडी, रायबाग, जमखंडीकडूनही माणसं येतात, त्यांतल्या कित्येकांची भाषा कन्नड. घरी जाताना पेशंटची काळजी कशी घ्यायची हे मराठीत लिहून दिलं तर गावातला कुणीही शिकलेला भाचा-पुतण्या ते वाचून कन्नडमध्ये सांगू शकतो, फोनसुद्धा बऱ्यापैकी अर्थ लावून देतो. व्हिडिओ दिला तर ते जवळपास अशक्य. रात्री वॉर्डात आवाज मोठा करता येत नाही. एसटीत, अभ्यासिकेत, निजलेल्या लेकराशेजारी तेच. वय झालेल्या आजोबांना ऐकायला कमी येतं, पण चष्मा लावून ठळक अक्षर वाचता येतं.

ज्यांना दिसत नाही त्यांना व्हिडिओ बरा पडत असेल, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. 'हे बघा, इथून असं धरायचं आणि असं फिरवायचं' या वाक्यात न दिसणाऱ्याला काय मिळालं? लिहिताना 'असं' म्हणून भागत नाही. कुठून धरायचं, कोणत्या बाजूला फिरवायचं हे शब्दांत सांगावंच लागतं. तो मजकूर अँड्रॉइडमधलं टॉकबॅक किंवा संगणकावरचं एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर वाचून दाखवतं. सरावलेली अंध व्यक्ती ते आपल्या वेगानं, एकेक शब्द किंवा एकेक परिच्छेद करत ऐकते. म्हणजे लिहिलेल्याचा आवाज होऊ शकतो, मोठं अक्षर होऊ शकतं, ब्रेल होऊ शकतं, दुसरी भाषा होऊ शकते. व्हिडिओचं रूप मात्र मुळात ठरलं ते ठरलं.

दुरुस्तीचा मुद्दा मला सगळ्यात गंभीर वाटतो, कारण त्यात माणसाच्या जिवाचा प्रश्न येतो. केंद्र सरकारनं ऑगस्ट २०१८ मध्ये आदेश काढून अठरा कीटकनाशकांवर बंदी घातली. त्यातल्या फोरेट, डायक्लोरव्हॉस यांसारख्या सहांचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंद झाला. फोरेट किती विषारी आहे हे ज्यांनी हाताळलंय त्यांना सांगायला नको. आता २०१७ साली कुणी चांगल्या हेतूनं केलेल्या व्हिडिओत 'लागणीत फोरेट टाका' असं म्हटलं असेल, तर तो आजही तसंच म्हणतोय. यूट्यूबवर चढवलेला व्हिडिओ त्याच लिंकवर बदलून टाकता येत नाही. भाग कापता येतो, धूसर करता येतो, पण बोलणाऱ्याच्या तोंडी नवं वाक्य घालता येत नाही. खाली वर्णनात दुरुस्ती लिहिता येते. म्हणजे शेवटी लिहावंच लागतं, आणि जो नुसता बघतो तो ती वाचत नाही. लेखात ती ओळ खोडून, शेजारी तारीख टाकून, नवी ओळ लिहायला दोन मिनिटं पुरतात. जुन्या लिंकवरून येणाऱ्यालाही दुरुस्त मजकूरच दिसतो.

टिकण्याबद्दल थोडंच सांगते. २९ जून २०२० रोजी सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली आणि काही दिवसांत आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतल्या माणसांनी केलेले असंख्य व्हिडिओ बघता येईनासे झाले. करमणुकीचं सोडा, त्यात शेतीचं होतं, स्वयंपाकाचं होतं, हस्तकलेचं होतं. एवढे जड व्हिडिओ स्वतःकडं जपून ठेवणं कुणाला जमणार? कागदही अमर नाही. २०१९ च्या पुरात सांगली नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं भिजून गेली, ते दुःख इथल्या वाचकांना अजून आहे. पण मजकूर एकदा संगणकात आला की त्याच्या प्रती काढणं जवळजवळ फुकट असतं. तात्यांच्या सगळ्या वह्या टाइप केल्या तरी एका फोटोपेक्षा कमी जागेत बसतील. दहा माणसांच्या फोनमध्ये ठेवल्या तर एका पुरानं जायच्या नाहीत.

लिहिण्याचा एक फायदा लिहिणाऱ्यालाही होतो आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. बोलताना हातवारे, चेहरा, आवाजाचा चढउतार हे सगळं आपली कमतरता झाकतं. 'आणि मग काय होतं, बघा, हे सगळं व्यवस्थित बसतं' असं हसून म्हटलं की ऐकणाऱ्याला पटतं. कॅमेऱ्यासमोर आत्मविश्वासानं उभ्या राहिलेल्या माणसाचं म्हणणं खरं वाटू लागतं, आणि ते खरं असेलच असं नाही. तेच वाक्य कागदावर उतरवा. काय बसतं? कुठं? का? उत्तर नसेल तर वाक्य उघडं पडतं. बोर्डोचं मिश्रण एकत्र कसं ओतायचं हे मी बोलून सांगितलं असतं तर 'दोन्ही मिसळायचं' एवढ्यावर भागलं असतं. लिहायला बसल्यावर कशात, कुठल्या भांड्यात, एकाच वेळी की एकामागून एक, हे प्रश्न समोर उभे राहिले आणि प्रत्येकाचं उत्तर द्यावं लागलं. वाचणाऱ्यालाही मग वाक्यावर बोट ठेवून 'हे पटत नाही' म्हणता येतं. वीस मिनिटांच्या व्हिडिओतला दोष दाखवायचा तर आधी समोरच्याला नेमका कुठला क्षण ते सांगा, मग त्यानं तो शोधावा, मग वाद सुरू.

व्हिडिओचं स्वतःचं राज्य आहे आणि ते मोठं आहे. मिरजेत सतारी आणि तंबोरे करणारी घराणी पिढ्यान् पिढ्या आहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथला कारागीर घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, जवारी लावतो, म्हणजे घोडीचा माथा इतका बारीक घासतो की तार त्याला हलकेच चाटून वाजावी. तो आवाज भरून कसा येतो हे मी कितीही लिहिलं तरी कळणार नाही. ते ऐकायलाच हवं, आणि घासणारा हात बघायलाच हवा. छाटणीत काडी कुठल्या डोळ्यावर, कशी कापायची हेही बघून लवकर कळतं. ज्या आजींना वाचता येत नाही त्यांना बोललेलंच उपयोगाचं. आणि ज्या कर्णबधिरांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे, त्यांच्यासाठी तर हातांच्या खुणांचा व्हिडिओ हाच खरा लेख. हालचाल, आवाज, रंग, चेहरा हा विषय असेल तिथं व्हिडिओच करावा. माप, तारीख, क्रम, अट, कारण, हिशोब हा विषय असेल तिथं मात्र लिहावं. बहुतेक कामाच्या गोष्टींत दोन्ही असतं, म्हणून व्हिडिओ केला तरी खाली लिहिलेलं हवंच.

ते फार काही अवघड नाही. जे व्हिडिओ करतात त्यांनी वर्णनाच्या जागेत आधी उत्तर लिहावं: काय, किती, कशात, केव्हा. साहित्य आणि प्रमाण आकड्यांत आणि एककासकट लिहावं, नुसतं 'एक' नको, '१ किलो' हवं. माहिती कुठल्या गावाची, कुठल्या पिकाची, कुठल्या हंगामाची ते सांगावं, कारण पलूसच्या काळ्या रानातलं जतच्या मुरमाड रानात चालत नाही. व्हिडिओत कोणत्या मिनिटाला काय आहे तेही टाकावं. ०:०० पासून सुरुवात करून किमान तीन वेळा लिहिल्या आणि प्रत्येक भाग किमान दहा सेकंदांचा असला, की यूट्यूब त्याचे आपोआप भाग पाडतं आणि बघणारा थेट हव्या त्या जागी जाऊ शकतो. मजकूर शेवटचा कधी तपासला ती तारीख घालावी.

टाइप करायचा कंटाळा हे कारण मी बऱ्याच जणांकडून ऐकते, आणि ते खोटं नाही. जोडाक्षरं टाकताना बोटं अडखळतात, दिवसभर रानात राबल्यावर तेवढा धीर उरत नाही. पण आता फोनच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं, मराठी निवडून बोललं की अक्षरं उमटतात. ज्याला व्हिडिओत दहा मिनिटं बोलता येतं त्याला इथं दोन मिनिटं बोलता येईल. उमटलेलं एकदा शांतपणे वाचावं, घरातल्या शाळकरी मुला-मुलीकडून शुद्धलेखन बघून घ्यावं, औषधांची नावं डब्यावर बघून लिहावीत आणि आकडे मात्र स्वतःच्या हातानं टाकावेत. मग हा मजकूर वर्णनाच्या अगदी वरच्या ओळींत ठेवावा, म्हणजे 'अधिक' वर बोट न ठेवताही दिसेल.